परदेशी विमान कंपनीचा हिस्सा, देशी विलीनीकरण आणि आपलं आखाताचं तिकीट

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढतोय.

१२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. विस्तारात सिंगापूर एअरलाइन्सचे ४९ टक्के होते. नव्या एअर इंडियात त्यांच्याकडे २५.१ टक्के आले आणि त्यासाठी त्यांनी २,०५८.५ कोटी रुपये रोख घातले. उरलेले ७४.९ टक्के टाटांचे. त्याआधी सुमारे दीड महिना, १ ऑक्टोबरला, पूर्वीची एअरएशिया इंडिया एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये मिसळली होती. टाटांच्या चार कंपन्यांच्या दोन झाल्या.

तेव्हा गणवेश, जेवण, पॉइंट यांवर खूप लिहून आलं. सिंगापूरला या व्यवहारात काय मिळालं यावर फार थोडं आलं. माझं मत असं की परदेशी विमान कंपनी इथे लाभांशासाठी पैसा घालत नाही. तिला इथले प्रवासी हवे असतात, तिच्या विमानतळावर उतरून पुढचं विमान धरणारे. म्हणून कागदावरचा टक्का निम्मा झाला तरी सिंगापूरचं वजन वाढलंच असं मी मानतो. विस्ताराच्या लहान ताफ्याऐवजी आता सगळ्या एअर इंडियाच्या टेबलावर त्यांची खुर्ची आहे.

हे इथे का विचारतोय? खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा, चिपळूण या पट्ट्यात घरटी कुणी ना कुणी दुबई, दोहा, मस्कत, कुवेतला आहे. कोण कुणात विलीन होतं आणि त्यात कुठल्या देशाची कंपनी बसते, यावर आपलं तिकीट ठरतं. जाणकारांनी लिहावं: २५ टक्क्यांत नक्की काय मिळतं, आणि अशा विलीनीकरणाला मान्यता देताना सरकारने प्रवाशांसाठी काय मागून घ्यायला हवं?

रत्नदुर्ग
चांगला विषय. वाचतोय.

सीए_देवरूख
वाशिष्ठीकाठ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार विशेष ठराव मंजूर व्हायला बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात, म्हणजे ७५ टक्के. ज्याच्याकडे २५ च्या वर आहेत तो एकटा असा ठराव अडवू शकतो. कंपनीची नियमावली बदलणं, ठरावीक लोकांनाच नवे शेअर देणं, हे त्यात येतं, आणि पुढच्या विलीनीकरणालाही तीन-चतुर्थांश बहुमत लागतं. म्हणून २५.१. टाटांना २४.९ वर थांबवणं आवडलं असतं, सिंगापूरने ते मान्य केलं नसतं.

आता उलटं उदाहरण घ्या. २०१३ मध्ये अबुधाबीच्या एतिहाद विमान कंपनीने जेट एअरवेजचे २४ टक्के घेतले. तिथे २५ च्या खाली राहणं महत्त्वाचं होतं, कारण जेट शेअर बाजारात नोंदलेली होती आणि २५ टक्के गाठले की सेबीच्या नियमाने बाकीच्या भागधारकांना त्यांचे शेअर विकत घेण्याचा खुला देकार द्यावा लागतो. एकाच आकड्याच्या दोन बाजूंना दोन कंपन्या थांबल्या.

आणखी एक योगायोग. एतिहादने जेटमध्ये घातलेली रक्कमही सुमारे २,०५८ कोटीच होती. फक्त २०१३ मध्ये त्याचे ३७.९ कोटी डॉलर झाले, सिंगापूरच्या वेळी सुमारे २५ कोटी. रुपया मध्ये किती उतरला ते यावरून कळतं.

रत्नदुर्ग
२५.१ चं कोडं आज सुटलं. धन्यवाद.

दर्यावर्दी६६
थोडं मागे जाऊन लिहितो, तरुण मंडळींना माहीत नसेल.

जेट १९९३ मध्ये उडायला लागली तेव्हा तिच्यात गल्फ एअर आणि कुवेत एअरवेजचे २०-२० टक्के होते. त्याच काळात टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स मिळून इथे कंपनी काढायला बघत होते. १९९७ मध्ये सरकारने धोरण बदललं: परदेशी विमान कंपनीला देशी विमान कंपनीत भागभांडवल नाही. आखाती कंपन्यांना जेटमधून बाहेर पडावं लागलं आणि टाटा-सिंगापूरचा प्रस्ताव बारगळला. पुढे एअर इंडियाची निर्गुंतवणूक निघाली तेव्हा हे दोघे पुन्हा एकत्र आले, पण २००१ मध्ये सिंगापूरने अंग काढून घेतलं. सप्टेंबर २०१२ मध्ये परदेशी विमान कंपन्यांना ४९ टक्क्यांपर्यंत दार उघडलं, आणि त्यानंतरच जेट-एतिहाद, एअरएशिया इंडिया आणि विस्तारा शक्य झाल्या.

म्हणजे सिंगापूरला एअर इंडियात बसायला पाव शतक लागलं. एवढी चिकाटी कुणी नुसत्या व्याजासाठी दाखवत नाही. या बाबतीत वाशिष्ठीकाठ यांच्याशी मी पूर्ण सहमत.

अबुधाबी_खेड
मी सहमत नाही. म्हणजे इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही.

२४ एप्रिल २०१३ ला दोन गोष्टी झाल्या. जेट-एतिहादचा करार जाहीर झाला, आणि त्याच दिवशी भारत आणि अबुधाबी यांच्यात आसनांचा करार झाला. आधी प्रत्येक बाजूच्या विमान कंपन्यांना आठवड्याला १३,३३० आसनं होती, ती तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने ५० हजारांवर न्यायची ठरली. दिल्लीत यावरून केवढा गदारोळ झाला, सुब्रमण्यम स्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले. सगळ्यांचं म्हणणं एकच, आपले प्रवासी परक्यांच्या हवाली केले.

अहो, पण ते प्रवासी म्हणजे आम्हीच ना? आसनं वाढली तेव्हा आम्हाला पर्याय मिळाले. सुट्टी ऐनवेळी मंजूर झाली तरी तिकीट मिळायचं. गावात मयत झाली तर दुसऱ्या दिवशी पोचता यायचं. दुबईचा कोटा मात्र आठवड्याला सुमारे ६६ हजारांवर वर्षानुवर्षं थांबलाय. एमिरेट्स मागतेय, आपलं सरकार देत नाही. मे महिन्यात आणि ईदला भाडी काय होतात ते इथल्या प्रत्येक घराला विचारा. देशी कंपनीला संरक्षण द्यायचं म्हणून त्याची किंमत खेडच्या मजुराने का भरायची?

वाशिष्ठीकाठ
अबुधाबी_खेड भाऊ, तुमची बाजू मला मान्य आहे आणि जवळचीही आहे. पण त्या व्यवहाराचं पुढे काय झालं? १७ एप्रिल २०१९ ला जेटचं शेवटचं विमान उडालं. एतिहादने पुढे पैसे घातले नाहीत. ऐन मे महिन्याच्या तोंडावर एवढी आसनं बाजारातून गेली आणि भाडी भडकली. परदेशी भागीदार चांगल्या दिवसांत बरोबर असतो, तोट्यात त्याला बाहेर पडता येतं. आपल्याला पडता येत नाही.

माजी_रॅम्प
मी विमानतळावर जमिनीवरची कामं केली, सामान चढवणं-उतरवणं आणि पुढे लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब. ज्या कंपनीत होतो ती बंद पडली, तिचं नाव घेत नाही. शेवटच्या महिन्यांचा पगार अजून यायचाय.

मला सांगायचंय ते हे. परदेशी भागीदार आला की आतून काय बदलतं ते टक्क्यांवरून कळत नाही. आमच्याकडे आधी बदललं ते वेळापत्रक. पूर्वी विमानाची वेळ आमच्या शहरातल्या प्रवाशाच्या सोयीने होती. नंतर भागीदाराच्या विमानतळावरून पुढे सुटणाऱ्या विमानांच्या झुंडीला जुळेल अशी झाली. पहाटे अडीच, पावणेचार. मग बदलली सामानाची चिठ्ठी, कारण थेट पुढच्या मुक्कामापर्यंत टॅग लागायला लागले. मग प्रशिक्षण, आणि ते मात्र खरोखर उत्तम झालं, ते नाकारत नाही. शेवटी बदललं ते भाड्याचं गणित. कुठल्या विमानात किती स्वस्त आसनं सोडायची हे ठरवणारा माणूस कुठे बसतो, ते बघा. तिथे सत्ता असते.

रापण_आचरा
माजी_रॅम्प यांनी नेमकं सांगितलं. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागते तेव्हा जाळंवाल्यांचे वाटे ठरलेले आणि ओढणाऱ्यांचेही ठरलेले. पण जाळं कुठे आणि कधी टाकायचं हे ज्याच्या शब्दावर होतं त्याचं वजन वाट्यात मोजता येत नाही. २५.१ टक्के हा वाटा झाला. जाळं कुठे पडतंय ते विचारा.

सीए_देवरूख
हा वाद नियामकांमध्येही झाला होता, म्हणून मुद्दाम लिहितो. जेट-एतिहादच्या मूळ करारात जेटचं भाडे आणि महसूल नियोजन अबुधाबीला हलवायची तरतूद होती. आक्षेप आले तशी ती काढावी लागली आणि संचालक मंडळावरच्या एतिहादच्या जागाही कमी केल्या. तरी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०१३ मध्ये मान्यता देताना म्हटलं की हे संयुक्त नियंत्रण आहे. आफ्रिका आणि अमेरिकेकडे जाणाऱ्या जेटच्या प्रवाशांसाठी अबुधाबी हेच केंद्र ठरवलं होतं, हेही आयोगाने विचारात घेतलं. डिसेंबरमध्ये एतिहादला एक कोटीचा दंडही झाला. आणि सेबीने मे २०१४ मध्ये निष्कर्ष काढला की एतिहादकडे नियंत्रण नाही.

एकच करार, दोन सरकारी संस्था, दोन उत्तरं. कारण नियम बघतो तो अध्यक्ष आणि दोन-तृतीयांश संचालक भारतीय आहेत का, मोठी मालकी भारतीयांकडे आहे का. वेळापत्रक कोण लावतं हे नियमाच्या फुटपट्टीत नीट बसत नाही.

अपर्णा_गुहागर
मला यातलं कायद्याचं फार कळत नाही, पण एक बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते. सिंगापूरच्या भागीदारीमुळेच विस्तारा तशी होती. माझ्या आईला गुडघ्यांमुळे चाकाची खुर्ची लागते. ती खुर्ची वेळेवर येणं, कर्मचाऱ्याने तिच्याशी माणसासारखं बोलणं, हे मी तिथे अनुभवलं. ते वळण कुठून आलं? सिंगापूरची शिस्त होती ती. विलीनीकरणानंतर विस्ताराची ती विमानं एआय २ पासून सुरू होणाऱ्या चार आकडी क्रमांकांनी उडत राहिली, आणि मी बुकिंग करताना बराच काळ तोच क्रमांक शोधून तिकीट काढायचे. परदेशी प्रभाव म्हटला की तो वाईटच, असं गृहीत धरू नका एवढंच.

मुंबई_दादर_मूळगाव_केळशी
अपर्णाताई +१. कॅम्पबेल विल्सन यांचंही उदाहरण आहे. ते सिंगापूर एअरलाइन्सच्या स्कूट या स्वस्त उपकंपनीचे प्रमुख होते आणि जुलै २०२२ मध्ये एअर इंडियाची सूत्रं त्यांनी घेतली. विस्ताराच्या विलीनीकरणाची घोषणा त्यानंतर, २९ नोव्हेंबर २०२२ ला झाली. म्हणजे सिंगापूरचा एक टक्काही नसताना सिंगापूरचं ज्ञान आलं होतं. टाटांनी ते मागून घेतलं, कुणी लादलं नाही.

बांदेकार
तुमी सगळे सिंगापूर-अबुधाबी करतास, आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपीक मुंबयचा विमान कधी येतला ता आधी सांगा. ९ ऑक्टोबर २०२१ क केवढो थाट केल्यानी उद्घाटनाचो. केंद्राच्या उडान योजनेच्या सवलतीची तीन वर्सां सरली आणि मुंबयचा विमान बंद. आता फ्लाय९१ ची एटीआर येता, ती एक बरी गोष्ट. पण गणपतीक मुंबयसून येवक आमका परत गोव्याचो मोपाच.

मोपा_पेडणे
बांदेकारांनो, मोपा तुमचंच समजा, बांद्याहून कितीसं लांब :) ५ जानेवारी २०२३ पासून निम्मा सिंधुदुर्ग इथेच उतरतो.

वाशिष्ठीकाठ
बांदेकार, हे अवांतर नाही. चिपीला येणारी अलायन्स एअर एअर इंडियाचीच उपकंपनी होती, पण जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ती सरकारकडेच राहिली. १८ हजार कोटींच्या व्यवहारात मोठी कंपनी आणि आखातात उडणारी एक्स्प्रेस गेली. छोट्या गावांना जोडणारी सत्तर आसनी विमानं मागे राहिली. पुढे जो परदेशी भागीदार आला त्याला चिपी किंवा रत्नागिरीशी काही देणंघेणं असण्याचं कारणच नाही. त्याच्या केंद्राला माणसं पुरवणारी शहरं म्हणजे मुंबई, दिल्ली, बंगळूर, चेन्नई.

मोपा_पेडणे
हो, आणि केरळचं कन्नूर बघा. विमानतळ २०१८ मध्ये सुरू झाला, आखातात माणसं भरपूर, धावपट्टी मोठी. पण दोन देशांमधल्या हवाई (द्विपक्षीय) करारांत कन्नूरचं नाव नाही म्हणून परदेशी कंपन्यांना तिथे उतरू देत नाहीत. देशी कंपन्या जेवढं उडवतील तेवढंच. अबुधाबी_खेड म्हणतात त्यात तथ्य आहे, कुलूप हिश्श्यावर नसतं, हक्कावर असतं. हिस्सा घेणं हा त्या कुलपापर्यंत पोचायचा एक रस्ता.

दर्यावर्दी६६
बाहेरच्या देशांतला अनुभवही बघा. एतिहादने जर्मनीच्या एअर बर्लिनमध्ये २९ टक्के आणि इटलीच्या अलितालियात ४९ टक्के घेतले होते. २०१७ मध्ये दोन्ही कंपन्या कोसळल्या. त्याच इटलीत जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीच्या लुफ्थांसाने आयटीए या विमान कंपनीचे ४१ टक्के ३२.५ कोटी युरोंना घेतले, पण युरोपीय आयोगाने आधी अटी घातल्या. मिलानच्या लिनाते विमानतळावरच्या उतरण्या-उडण्याच्या वेळा प्रतिस्पर्ध्यांना सोडाव्या लागल्या.

आणि घरचंच घ्या. एअर इंडिया-विस्तारा प्रकरणात सिंगापूरच्या स्पर्धा आयोगानेही चौकशी केली. मुंबई, दिल्ली, चेन्नई, तिरुचिरापल्ली ते सिंगापूर या मार्गांवर कोविडपूर्व पातळीइतकी आसनं ठेवण्याचं वचन कंपन्यांकडून लिहून घेतलं आणि मग मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. आपल्या आयोगानेही १ सप्टेंबर २०२३ ला कंपन्यांनी दिलेल्या हमींवरच मान्यता दिली. पण छत्तीस लाख नागरिकांच्या आत-बाहेरचा देश आपल्या प्रवाशासाठी मार्गाचं नाव घेऊन आसनं मागतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

अबुधाबी_खेड
दर्यावर्दीकाका, हे माहीत नव्हतं. मग माझं म्हणणं थोडं नीट मांडतो. हिस्सा द्या, हक्कही द्या, पण फुकट देऊ नका. आसनांच्या बदल्यात आसनं मागा, आणि ती आपल्याकडच्या लहान विमानतळांना जोडणारी मागा.

शिवाय परदेशी भागीदार नेहमी मजेत असतो असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद झालं, एअर इंडियाची पश्चिमेकडची विमानं लांबून जायला लागली. जून २०२५ ला संपलेल्या तिमाहीत सिंगापूर एअरलाइन्सचा नफा ५९ टक्क्यांनी घसरला आणि एक कारण एअर इंडियाचा तोटा होता. विलीनीकरणानंतर आणखी ३,१९४.५ कोटी घालायची तयारीही त्यांनी दाखवली होती. वाशिष्ठीकाठ म्हणतात तसं 'तोट्यात बाहेर पडता येतं' हे एतिहादबद्दल खरं असेल, इथे ते अजून बसलेले आहेत.

वाशिष्ठीकाठ
रास्त. एतिहादकडे २४ होते आणि गल्फमध्ये स्वतःचं केंद्र तयार होतं. सिंगापूरला दुसरी मोठी घरची बाजारपेठच नाही, बेट केवढंसं. त्यामुळे त्यांना टिकणं भाग आहे. तरी 'दोनच मोठे उरले' ही भीती माझी जात नाही. देशातला साठ टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या इंडिगोकडे, मग टाटा-सिंगापूर, मग उरलेसुरले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा दुसरीकडे वळायला जागाच नव्हती. जेट असती, विस्तारा वेगळी असती, तर एवढे हाल झाले नसते.

माजी_रॅम्प
७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जेटच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी मोडीत काढण्याचा, आदेश दिला आणि पाच दिवसांनी विस्तारा विलीन झाली. २०१२ च्या धोरणानंतर परदेशी विमान कंपन्यांचा पैसा आलेली तीनही नावं तोवर आकाशातून गेली. आमच्यासारख्या हजारो माणसांचं काय, हा प्रश्न कुठल्याही मान्यतेच्या आदेशात नसतो. अटी मागायच्याच असतील तर पगार आणि ग्रॅच्युइटीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची अट पहिली मागा. ही माझी कळकळीची विनंती आहे.

रत्नदुर्ग
माजी_रॅम्पदादा, शंभर टक्के.

अपर्णा_गुहागर
कर्मचाऱ्यांची अट हवीच. आणि चाकाच्या खुर्चीची पण.

सीए_देवरूख
धागा मूळ प्रश्नावर आलाय, तर लिहितो. मान्यतेच्या वेळी मागता येण्यासारख्या गोष्टी वर आल्याच आहेत: आखाताच्या मार्गांवर ठरावीक वर्षं आसनं कमी न करणं, भाडे नियोजनाचं काम आणि त्याची माहिती भारतात ठेवणं, कर्मचाऱ्यांची देणी वेगळी राखणं, आणि वाढीव द्विपक्षीय आसनांच्या बदल्यात एखाद्या लहान विमानतळाला जोडणी. स्पर्धा आयोग प्रस्तावित व्यवहारांवर लोकांची मतं मागवू शकतो, पण आपण तिथे कधी लिहीतच नाही. पुढच्या वेळी असा व्यवहार आला की लिहू. मसुदा मी करतो. अबुधाबी_खेड, तुम्ही आखातातल्या मंडळींकडून गेल्या दोन-तीन मे महिन्यांची आणि ईदची तिकिटं गोळा कराल का? नाव-पासपोर्ट क्रमांक झाकून, भाडं आणि तारीख दिसेल अशी.

अबुधाबी_खेड
करतो. आमच्या इथल्या गटात आजच टाकतो. म्हसळ्याची मंडळी कुवेतची देतील, मस्कतसाठी कुणी ओळखीचं असेल तर इथे कळवा.

बांदेकार
मस्कताक माझो भावोजी आसा. देतंय. पण मसुद्यात चिपी घालूक विसरा नको.

सीए_देवरूख
चिपी घालतो. रत्नागिरीचं प्रवासी टर्मिनल सुरू झालं की तेही घालू.